मॉरिशसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न: दालपुरी, डोडो, भुतं आणि गणपती

वाक्वा गावात तीन वर्षं भाड्याच्या घरात राहून परत आलो, तेव्हापासून मॉरिशसबद्दल विचारणारे काही थांबलेले नाहीत. हॉटेलचे दर, व्हिसा आणि हनिमूनची पॅकेजं यांची उत्तरं माझ्याकडे नाहीत. जेवण, गोष्टी, पक्षी आणि सणवार यांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगायला नको म्हणून जागोजागी प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मॉरिशसचे मूळ रहिवासी कोण? तिथे आदिवासी आहेत का?

नाहीत. या बेटावर मूळचं माणूस कुणीच नव्हतं. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होतं, पण घर कुणी बांधलं नाही. १५९८ मध्ये डच उतरले आणि मॉरिस या आपल्या राजपुत्राचं नाव बेटाला देऊन गेले. पुढे त्यांनी वसाहत केली, पण १७१० मध्ये कंटाळून सोडली. १७१५ मध्ये फ्रेंचांनी ताबा घेतला, १८१० मध्ये तो इंग्रजांकडे गेला. १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला.

मादागास्कर आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलेली माणसं, भारतातून करारावर आलेले मजूर, चिनी दुकानदार, फ्रेंच मळेवाले हे सगळेच बाहेरून आलेले. त्यामुळे तिथे ‘अस्सल स्थानिक पदार्थ कोणता’ असं विचारलं की लोक हसतात. जो पदार्थ सगळे खातात तो स्थानिक.

२. तिथे कोणती भाषा बोलतात? हिंदीवर निभेल का?

रस्त्यावरची भाषा क्रिओल. शब्द बरेचसे फ्रेंच वळणाचे, व्याकरण स्वतःचं. वर्तमानपत्रं फ्रेंचमध्ये, संसदेचं आणि सरकारी काम इंग्रजीत. हिंदी पुष्कळांना सिनेमामुळे कळते, बोलताना मात्र अडखळतात. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांकडे भोजपुरी अजून ऐकू येते.

भाषा हा तिथे नाजूक विषय आहे. नोटांवर रक्कम इंग्रजी, तमिळ आणि हिंदीत छापतात. १९९८ च्या नव्या नोटांवर तमिळचा क्रम हिंदीच्या खाली गेला. तमिळ समाज इतका संतापला की त्या नोटा मागे घेऊन नव्यानं छापाव्या लागल्या.

३. मराठी माणसं तिथे कधी आणि कशी पोहोचली?

इंग्रजांनी १ फेब्रुवारी १८३५ ला मॉरिशसमधली गुलामगिरी संपवली. उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, म्हणून त्याआधीच भारतातून करारबद्ध मजूर आणायला सुरुवात झाली. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अॅटलस’ जहाज पोर्ट लुई बंदराला लागलं. तो दिवस आता तिथे सार्वजनिक सुट्टीचा आहे. पुढच्या सुमारे ८५ वर्षांत साडेचार लाखांच्या आसपास भारतीय त्या बंदरात उतरले. त्यांना उतरवून घ्यायचे ते ठिकाण म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे.

बहुसंख्य बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातले, कलकत्त्याहून चढलेले. मुंबई बंदरातून गेले त्यांच्यात रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसं होती. जहाज जिथून सुटलं त्यावरून ओळख ठरली: कलकत्तिया, मद्रास आणि बोम्बाय. तिथल्या मराठी माणसाला बोम्बाय म्हणतात ते याच कारणानं. मुंबईचा गिरणगाव भरण्याच्या कितीतरी आधी कोकणातली माणसं समुद्रापार ऊस तोडत होती, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

४. तिथले मराठी लोक अजून मराठी बोलतात का? आणि त्यांची आडनावं ओळखीची का वाटत नाहीत?

घरात बोलतात ती क्रिओलच. मराठी शाळेत शिकता येते, मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही मिळतं. भजनं, आरत्या आणि नाटकं मराठीत होतात. पण ‘जेवलास का?’ हे आई मुलाला क्रिओलमध्येच विचारते. कुणी मराठी बोललंच तर पुस्तकी आणि नीटनेटकी मराठी ऐकायला येते. तिच्याशी आपलं ‘चल, निघतो यार’ जुळत नाही. त्यांना हसू नका.

आडनावांचा घोळ कारकुनांचा. नोंद करताना माणसाचं आणि बापाचं नाव लिहिलं जायचं, पुढच्या पिढीला तेच आडनाव म्हणून चिकटलं. रामगुलाम, जगन्नाथ ही तिथल्या पंतप्रधानांची आडनावं म्हणजे मुळात कुणाची तरी पाळण्यातली नावं. मराठी घरांतही तेच. भिवाजी हे तिथे आडनाव आहे. त्यात सगळं फ्रेंच-इंग्रजी वळणानं लिहिलेलं, त्यामुळे वाचून कळत नाही, मोठ्यानं म्हटलं की कळतं.

५. गणपती तिथे कसा बसतो?

हेन्रिएटा गावात १८९६ मध्ये भिवाजी कुटुंबानं पहिला गणपती बसवला असं मानतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. ती सुट्टी मराठी समाजाच्या नावानं ओळखली जाते, पण मिरवणुकीत सगळेच असतात. विसर्जन नदीत किंवा समुद्रात, वाटेत टाळ-ढोलकी. कोकणातली जाखडीही जहाजातून गेली आहे. तिथे तिचा उच्चार झाक्री असा ऐकू येतो. गोल तोच, पायातला ठेका तोच. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नाचणारा मुलगा शर्टाच्या खिशात मोबाइल सांभाळत क्रिओलमध्ये मित्राला हाका मारत होता आणि तोंडानं कोरस मराठीत धरत होता.

भाद्रपदात तिथे पावसाळा नसतो. बेट दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे गणपती हिवाळ्याच्या शेवटी येतो आणि पाटावर बसणाऱ्यांच्या अंगात स्वेटर असतात. गुलमोहर डिसेंबरात फुलतो, आंबे-लिचीही त्याच सुमाराला.

६. दालपुरी म्हणजे आपली पुरणपोळीच ना?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. दिसायला सख्खी बहीण, स्वभाव वेगळा. डाळ शिजवतात पण पूर्ण गाळ होऊ देत नाहीत. पाणी काढून कोरडी वाटतात, त्यात हळद-जिरं घालतात. गूळ नाही. मैद्याच्या सैल कणकेत, जी बऱ्याचदा डाळीच्याच पाण्यात मळलेली असते, हे सारण भरून पातळ लाटतात आणि तव्यावर तेल लावून भाजतात. तव्याला तिथे तवाच म्हणतात. नावात पुरी असली तरी तळत नाहीत. मूळ बिहारी, पण आता तिला कुणी बिहारी म्हणत नाही.

विकतात नेहमी जोडीनं. एकावर एक दोन, आत मोठ्या वालाची रस्साभाजी, रुगाय म्हणजे टोमॅटोचं दाट कालवण, वर मिरचीचा ठेचा, कागदात गुंडाळून हातात. उभ्यानं खायची. एकच मागितलीत तर विकणारा आजारी आहात का अशा नजरेनं पाहतो. बँकेतला साहेब आणि गवंडी एकाच रांगेत असतात. आपल्या वडापावच्या गाडीसारखं.

आणि आता अपवाद. लग्नात, पूजेला हीच दालपुरी खिरीबरोबर खातात. तिखट सारणाची पोळी गोड खिरीत बुडवायची ही कल्पना ऐकून माझ्या आईनं नाक मुरडलं होतं. नंतर तिनंच तीन खाल्ल्या.

७. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. दालपुरी (प्रश्न ६), फराता म्हणजे पराठा, आणि गातो पिमां. शेवटच्या नावाचा अर्थ होतो मिरचीचा केक, प्रत्यक्षात तो आपला डाळवडा, फक्त गोल आणि लहान. सकाळी लोक तो गरम पावात लोणी लावून भरतात. लग्नघरी केळीच्या पानावर ‘सेत कारी’, म्हणजे सात भाज्या, वाढतात. त्यात लाल भोपळा, फणस, वांगं असतं.

दोन ठिकाणी सावध राहा. रुगाय साधीही असते आणि खारवलेल्या माशाचीही, तेव्हा विचारून घ्या. चिनी गाडीवरच्या नूडल्समध्ये भाज्याच दिसल्या तरी सॉस शिंपल्यांचा असू शकतो. महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस तुम्हाला सोयीचे, कारण तेव्हा कित्येक हिंदू घरं ‘कारेम’ पाळतात, म्हणजे मांस-मासे बंद. शब्द ख्रिश्चनांच्या उपवासाचा, पाळणारे शंकराचे भक्त.

८. बाजारात भाज्यांची नावं कशी ओळखायची?

डोळ्यांनी. पाट्या वाचल्यात तर फसाल. सगळ्यात मोठा फास ‘साफ्रां’ या शब्दाचा. फ्रेंच येणाऱ्याला ते केशर वाटतं आणि इतकं स्वस्त कसं म्हणून तो पावकिलो घेतो. मॉरिशसमध्ये साफ्रां म्हणजे हळद.

कोथिंबीर कोतोमिली आणि कढीपत्ता कारीपुले, हे दोन्ही तमिळमधून आलेले. शेवग्याचा पाला ब्रेद मुरुम, तोही तमिळ मुरुंगैवरून. ‘ब्रेद’ म्हणजे कुठलीही पालेभाजी. भेंडी लालो, दोडका पिपांगाय, कारलं मार्गोझ, वांगं ब्रेंझेल. पडवळ पातोल, हे आपल्या कानाला बरं वाटतं. अळू म्हणजे सोंज, त्याच्या कंदाची भजी करतात. हा सोंज शब्द लक्षात ठेवा, प्रश्न ११ मध्ये लागेल.

पाट्यावरवंट्याला रोश कारी म्हणतात आणि वरवंट्याला चक्क ‘बाबा’, म्हणजे बाळ. पाट्यावर बाळ लोळवायचं. आमच्या शेजारच्या तांतीन (मावशी-काकूंना तिथे तांतीन म्हणतात) घरात मिक्सर असूनही नारळाची चटणी पाट्यावरच वाटत. भाजलेलं खोबरं, चिंच, पुदिना, मिरची. मिक्सरमधली चटणी गरम होते आणि रुसते, असं त्यांचं म्हणणं.

९. विंदाय हे गोव्याचं विंदालूच का?

चुलतभाऊ. दोघांचं मूळ पोर्तुगीजांच्या व्हिनेगर-लसणाच्या मुरवणात आहे. गोव्यात ते डुकराच्या मांसाला लागलं आणि लाल मिरचीनं रंगलं. मॉरिशसमध्ये त्यात भरडलेली मोहरी आणि हळद भरपूर पडली आणि ते पिवळं झालं. तिथे ते तळलेल्या माशाचं किंवा ऑक्टोपसचं करतात आणि दोन दिवस मुरू देऊन थंडच खातात. गरम करून मागू नका. चव लोणच्याच्या जवळ जाते. ‘आशार’ नावाचं भाज्यांचं लोणचंही अशाच मोहरी-हळदीचं असतं.

१०. अलूदा म्हणजे फालुदा?

हो, शेवया वजा करून. दूध, सब्जा, अगर-अगरचा कीस, बर्फ. पोर्ट लुईच्या मंडईत उभं राहून प्या.

११. डोडो खरंच मूर्ख होता का? आणि माणसांनी खाऊन संपवला का?

दोन्ही गोष्टी अर्ध्यामुर्ध्या खऱ्या. डोडो कबुतराच्या कुळातला, साधारण मीटरभर उंचीचा, न उडणारा पक्षी. बेटावर त्याला शत्रूच नव्हता, म्हणून तो माणसाला घाबरत नसे. या निर्धास्तपणाला खलाशांनी मूर्खपणा ठरवलं. २०१६ मध्ये कवटीचं स्कॅन करून मेंदू मोजला, तर तो शरीराच्या मानानं कबुतरांइतकाच निघाला.

खाण्याचं म्हणाल तर डचांनी त्याचं नाव ‘वाल्खफोगल’, म्हणजे किळसवाणा पक्षी, ठेवलं होतं. मांस जितकं शिजवावं तितकं चिवट होई. तरी त्याला मारत हे खरं. पण घात केला तो जहाजातून उतरलेल्या उंदीर, डुकरं आणि माकडांनी. जमिनीवर घातलेलं अंडं त्यांना आयतं सापडे. शिवाय जंगलही तुटत होतं. डोडो पाहिल्याची सर्वमान्य शेवटची नोंद १६६२ ची.

पुढे तर असा पक्षी होता यावरच लोक विश्वास ठेवेनात. १८६५ मध्ये दक्षिणेकडच्या एका दलदलीत जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांना हाडं सापडली. त्या जागेचं नाव ‘मार ओ सोंज’. प्रश्न ८ आठवा: अळूचं तळं. कोकणात परसात सांडपाण्यावर वाढणारं अळू, आणि त्याच्याखाली डोडो!

१२. डोडो भारतात आला होता असं वाचलं. ही थाप आहे का?

थाप नाही. इंग्रज प्रवासी पीटर मंडी यानं १६२८ च्या सुमाराला सुरतेत दोन जिवंत डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. त्याच काळातलं एक मुघल चित्र रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. ते जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूर या चित्रकाराचं मानतात. युरोपातल्या बऱ्याच चित्रांत डोडो फुगलेला, ढेरपोट्या दिसतो; या चित्रातला सडपातळ आहे आणि अभ्यासक त्यालाच जास्त विश्वासार्ह समजतात. डोडोचा आजचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे निकोबारी कबुतर, तोही आपल्याकडचा.

१३. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय एक झाड उगवतच नाही, हे खरं का?

नाही, पण ही गोष्ट मरायला तयार नाही. १९७७ मध्ये एका अमेरिकी शास्त्रज्ञानं तांबालाकोक या झाडाबद्दल तसं मांडलं. तेरा म्हातारी झाडं उरली आहेत, बी कठीण आहे, डोडोच्या पोटात घासलं गेलं तरच रुजत असणार, असा तर्क. टर्कींना बिया खाऊ घालून त्यानं प्रयोगही केला. नंतर दिसलं की झाडं तेरापेक्षा जास्त आहेत, डोडोनंतरच्या काळातलीही आहेत, आणि बी तसंही रुजतं. झाडाला खरा त्रास माकडांचा आणि बाहेरून आलेल्या वनस्पतींचा. शालेय पुस्तकांत परस्परावलंबनाचं उदाहरण म्हणून हे अजून भेटतं.

१४. डोडो गेला, मग आता पाहण्यासारखं काय उरलं?

पुष्कळ, आणि ते उरलं कसं हे डोडोच्या गोष्टीपेक्षा मोलाचं आहे. १९७४ मध्ये मॉरिशसचा खरूची ससाणा रानात फक्त चार उरला होता. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमाराला दहाच्या आसपास, आणि एको पोपटाचीही १९८० च्या दशकात तीच गत. कार्ल जोन्स या वेल्श जीवशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक साधी युक्ती वापरली: पहिली अंडी काढून घ्यायची आणि ती यंत्रात उबवायची. घरटं रिकामं दिसलं की मादी पुन्हा अंडी घालते. पिल्लं वाढवून रानात सोडायची, वरून खाणं पुरवायचं, आसपासचे उंदीर आवरायचे. आज तिन्ही जाती शेकड्यांत आहेत. कबुतर आणि पोपट ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात दिसू शकतात, नशीब आणि सकाळ दोन्ही हवं. कबुतर सहज पाहायचं असेल तर इल ओ एग्रेत या छोट्या बेटावर जा. तिथे अल्दाब्राची महाकाय कासवंही आणून सोडली आहेत, कारण मॉरिशसची स्वतःची महाकाय कासवं डोडोच्याच वाटेनं गेली.

जुलै २०२० मध्ये ‘वाकाशियो’ जहाज आग्नेय किनाऱ्याच्या प्रवाळावर चढलं आणि हजारेक टन तेल सांडलं, ते याच बेटाच्या तोंडाशी. लोकांनी सरकारची वाट न पाहता उसाचं पाचट कापडात भरून लांबलचक गुंडाळ्या शिवल्या आणि समुद्रात तरंगत्या आडोशासारख्या टाकल्या.

१५. साप-विंचवाची भीती आहे का?

मुख्य बेटावर माणसाला धोकादायक असा साप नाही. आपल्याकडचा बिनविषारी कवड्या तिथे जहाजातून पोहोचला आहे, तो दिसला तर मारू नका. भीती बाळगायची तर पाण्यात: ‘लाफ’ नावाचा विषारी काट्यांचा मासा दगडासारखा पडून असतो. उथळ समुद्रात रबरी चपला घालूनच उतरा.

१६. तिथे वटवाघळं सरकार मारतं, हे कितपत खरं?

मारली आहेत, २०१५ पासून एकाहून अधिक वेळा, हजारोंच्या संख्येनं. फळं खाणारं हे मोठं वटवाघूळ लिची आणि आंब्याच्या बागांवर उतरतं, बागायतदार हैराण होतात. पण वटवाघळं सोडली तर बेटावर मूळचा एकही जमिनीवरचा सस्तन प्राणी नाही, आणि जंगलातल्या बियांचा प्रसार मोठ्या प्रमाणात तीच करतात. कत्तलीनंतर २०१८ मध्ये त्यांची नोंद धोक्यातल्या जातींत गेली. माझं मत विचाराल तर झाडांना जाळी बांधणं आणि फांद्या छाटून झाड बुटकं ठेवणं हा खर्चिक पण खरा उपाय. परंतु बाग माझी नाही, हेही खरं.

१७. साळुंकी आणि बुलबुल तिथे कसे? ते तर आपले पक्षी.

साळुंकी मजुरांच्याही आधी गेली. १७६२ मध्ये फ्रेंचांनी टोळधाडीवर उपाय म्हणून तिला भारतातून नेलं. किडीवर दुसऱ्या देशातला प्राणी सोडण्याचं हे जगातलं सर्वांत जुन्या उदाहरणांपैकी एक. शिपाई बुलबुलाला त्याच्या शेंडीवरून ‘कोंदे’ म्हणतात, म्हणजे अंबाडा. हरणं डचांनी १६३९ मध्ये जावाहून आणली. तांग नावाचा काटेरी प्राणी मादागास्करचा, त्याची करी आवडीनं खाणारे आहेत. तुम्ही विचाराल म्हणून सांगतो: मी खाल्लेली नाही.

१८. तिथल्या आज्या कोणत्या गोष्टी सांगतात?

आधी कोडी. सांगणारा म्हणतो ‘सिरांदान?’ आणि पोरं ओरडतात ‘सांपेक!’ हे झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. ‘दिलो दिबुत?’ म्हणजे उभं पाणी. उत्तर: ऊस. ‘दिलो पांदान?’ लोंबतं पाणी. उत्तर: नारळ. ‘छोटा माणूस, मोठी टोपी?’ अळंबी. आपल्याकडे झाडाच्या शेंड्यावर राहतो पण गरुड नाही, तीन डोळे पण शंकर नाही, असं नारळाचं लांबलचक कोडं घालतात. त्यांचं दोन शब्दांत संपतं. ऊसमळ्यातून थकून आलेल्या माणसांची कोडी असणार, लांबण लावायला वेळ कुठला. शार्ल बेसाक यांनी ती १८८० च्या दशकात गोळा करून छापली, म्हणून बरीच टिकली.

मग गोष्टी: ससोबा आणि कासवोबा, म्हणजे कोंपेर लिएव आणि कोंपेर तोर्ती. ससा लबाड, आणि कासव त्याला पुरून उरणारं.

१९. डोंगरावरच्या माणसाच्या डोक्याची गोष्ट काय?

पोर्ट लुईच्या मागे पीटर बोथ हा ८२० मीटरचा सुळका आहे. टोकावर प्रचंड शिळा, थेट माणसाच्या मुंडक्यासारखी. एक दूधवाला डोंगर चढून जात होता, वर त्याला पऱ्या नाचताना दिसल्या. कुणाला सांगू नकोस, त्या म्हणाल्या. त्यानं सांगितलं. पुन्हा गेला तर दगड झाला. आजही घागर रिकामीच.

दुसरी समजूत अशी होती की हे मुंडकं पडेल त्या दिवशी इंग्रजांचं राज्य जाईल. २९ एप्रिल १८९२ च्या चक्रीवादळानं पोर्ट लुई उद्ध्वस्त केलं, मुंडकं हललं नाही. इंग्रज १९६८ मध्ये गेले, मुंडकं अजून आहे.

२०. ले मॉर्नच्या कड्यावरून गुलामांनी उड्या मारल्या, हा इतिहास की दंतकथा?

मळ्यांतून पळालेले गुलाम नैर्ऋत्येच्या त्या दुर्गम डोंगरात लपत, हा इतिहास. मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, पकडायला आले असं समजून त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, ही तोंडोतोंडी आलेली कथा. तिला कागदाचा आधार नाही. मात्र दरवर्षी १ फेब्रुवारीला लोक कड्याच्या पायथ्याशी जमतात ते ती कथा मनात धरून. २००८ मध्ये डोंगर जागतिक वारसा यादीत गेला. तिथे जाऊन ‘पण पुरावा काय?’ असं विचारू नये. मी विचारलं होतं.

२१. तुनी मिनवी हे काय भूत आहे?

शब्दशः ‘मध्यरात्रीचा नागडा’. फेब्रुवारी १९९४ मध्ये हॉलांडा चक्रीवादळानं विजेचे खांब पाडले, बेटाचा बराच भाग कित्येक दिवस अंधारात राहिला. तेवढ्यात बातमी पसरली की अंगाला तेल फासलेला एक उघडा माणूस, कुणी म्हणे लांडगामानव, छपरांवरून उड्या मारतो, घरात शिरतो. गावोगाव पुरुष काठ्या घेऊन पहारे देऊ लागले. वीज आली आणि तो गेला. दिल्लीतल्या २००१ च्या ‘मंकी मॅन’ची आठवण येते. तिथली मंडळी आता हसत सांगतात, पण दिवे गेले की आवाज जरा खाली येतो.

२२. सेगा नाचात पाय का उचलत नाहीत?

पाय जमिनीला घासत सरकायचे, कंबर आणि हात बोलतात. पायात बेड्या असायच्या म्हणून, असं स्पष्टीकरण नेहमी ऐकायला मिळतं. वाळूत रात्रभर नाचायचं तर पाय घसटणंच सोयीचं, असंही नाचणारे सांगतात. गुलामांच्या वस्तीतला हा नाच. मळेवाल्यांना आणि चर्चला तो नको असे. वाद्यं तीन: बकऱ्याच्या कातड्याचं रावान, बियांनी भरलेली चपटी पेटी माराव्हान, आणि त्रिकोण. रावान वाजवण्याआधी शेकोटीवर तापवतात, आपल्याकडे हलगी तापवतात तशीच. १९६४ मध्ये ले मॉर्नच्या पायथ्याशी झालेल्या सेगारात्रीत ती फ्रेर या म्हाताऱ्या गायकाला सेगाचा राजा ठरवलं गेलं. हॉटेलातल्या झालरीच्या घागऱ्यांचा सेगा पाहून मत बनवू नका.

२३. गंगा तलावात खरंच गंगेचं पाणी आहे?

आहे, १९७२ मध्ये आणून ओतलेलं. तलाव ज्वालामुखीच्या मुखातला, आधीचं नाव परी तलाव. १८९७ मध्ये उत्तरेकडच्या एका पुजाऱ्याला स्वप्न पडलं की इथलं पाणी जान्हवीचं आहे. पुढच्या वर्षी काहीजण चालत गेले आणि महाशिवरात्रीची यात्रा सुरू झाली. आता लाखो माणसं कावड घेऊन कित्येक तास चालतात आणि वाटेत मुसलमान, ख्रिश्चन शेजारीही सरबत वाटतात. काठावरचा ३३ मीटर उंच मंगल महादेव २००७ चा.

२४. हिंदू लोक ख्रिश्चन पाद्र्याच्या समाधीला जातात, हे कसं?

वांद्र्याच्या मोतमाउलीला जातात तसंच. फादर लावाल हे फ्रेंच धर्मगुरू, आधी डॉक्टर, ९ सप्टेंबर १८६४ ला वारले. दरवर्षी त्या तारखेच्या रात्री सेंत क्रुआच्या समाधीकडे सगळ्या धर्मांचे लोक चालत जातात, आणि वांद्र्याची जत्राही त्याच सुमाराला भरते. आमच्या शेजारच्या घरी अंगणात हनुमानाची लाल झेंडी होती आणि देव्हाऱ्याशेजारी फादर लावालांची तसबीर.

२५. आमच्या पणजोबांचे भाऊ ‘मोरिसला’ गेले ते परतलेच नाहीत. शोध लागेल का?

लागू शकतो. मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत भारतीय मजुरांचं दफ्तर जपलेलं आहे. प्रत्येकाला क्रमांक, जहाजाचं नाव, गाव, जिल्हा, जात, उंची, अंगावरची खूण. १८६० च्या दशकापासून पुढे अनेकांचे फोटोही. अडचण स्पेलिंगची. कारकुनानं कानाला पडेल तसं लिहिलं, त्यामुळे गावाचं नाव उच्चारून चार-पाच प्रकारे लिहून पाहा. आडनाव (प्रश्न ४) उपयोगाचं नाही. त्यांचं पाळण्यातलं नाव आणि बापाचं नाव हवं. घरात जुनं पत्र, मनीऑर्डरची पावती किंवा ‘अमक्या साली गेला’ असं कुणी म्हातारं सांगत असेल तर ते आधी लिहून घ्या. वर्ष माहीत असलं की त्या वर्षी मुंबईहून सुटलेली जहाजं शोधता येतात, मग क्रमांक.